देव आणि देवाची कामे



पावसाळ्याच्या तोंडावर सॅक्रिस्टीच्या ओल्या पायरीवरून घसरून आमचा पाय मोडला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात आपण ज्या मायेने विचारपूस केलीत, जेवणाचे डबे पाठवलेत, घरोघरी रोझरीत आमचे नाव घेतलेत, त्याबद्दलचे आभार आम्ही वेदीवरून मानले आहेत. आज आभारापलीकडची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना थोडा संकोच वाटतो, पण जे आपल्याला वारंवार पापनिवेदनाला बोलावतात त्यांनी स्वतःचे मन कधीतरी उघडे करायला हरकत नसावी.

त्या सहा आठवड्यांत धर्मग्रामाचे सगळे काम व्यवस्थित चालले. मिस्सा वेळेवर झाल्या. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला. कॉन्फर्मेशनच्या मुलांचे वर्ग बुडाले नाहीत. सभागृहाच्या छपराचा जो प्रश्न आमच्या हातून चार महिने सुटत नव्हता, तो सहायक धर्मगुरूंनी आणि पॅरिश कौन्सिलच्या दोन-तीन मंडळींनी एका संध्याकाळी बसून सोडवला. ही बातमी कानावर आली तेव्हा आम्ही खिडकीशी पाय वर करून बसलो होतो. खरे तर देवाचे आभार मानायला हवे होते. पण मनात पहिल्यांदा जे आले ते आभार नव्हते. ‘आपल्यावाचून कुणाचे काही अडले नाही,’ हा विचार आला आणि तो बोचला.

का बोचला? काम देवाचे होते. ते झाले होते. मग दुःख कशाचे?

हा प्रश्न घेऊन बसलो असताना एका माणसाची आठवण झाली. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी आम्ही त्यांच्याविषयी प्रथम वाचले होते, आणि तेव्हा त्यांचा मुद्दा आपल्याला समजला अशी आमची समजूत होती. तो समजला नव्हता, हे यंदा कळले. ते म्हणजे व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन. १६ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने त्यांचे जीवन आणि त्यांनी अंधारकोठडीत स्वतःला विचारलेला प्रश्न आपण आज पाहू या.

ज्यांच्या घरात श्रद्धेची किंमत ठाऊक होती

वान थुआन यांचा जन्म १७ एप्रिल १९२८ रोजी मध्य व्हिएतनाममधील ह्युए या शहरात झाला. ज्या संताचे पवित्र अवशेष आपल्या शेजारी गोव्यात आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियरचे नाव बाप्तिस्म्यात त्यांना मिळाले. घराणे जुने ख्रिस्ती. १८८५ साली त्यांच्या आईच्या गावातील ख्रिस्ती लोकांना चर्चमध्ये कोंडून जिवंत जाळण्यात आले होते. आजोबा तेव्हा शिक्षणासाठी मलेशियात होते म्हणून तेवढे वाचले. असल्या आठवणी ज्या घरात आजी-आई सांगते, त्या घरातील मुलाला श्रद्धा ही केवळ सणावारापुरती गोष्ट वाटत नाही.

१९५३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रोममध्ये जाऊन त्यांनी १९५९ साली चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट घेतली. परत येऊन सेमिनरीत शिकवले. त्यांचे सख्खे मामा न्गो दिन्ह दिएम हे दक्षिण व्हिएतनामचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये लष्करी उठावात मामांची हत्या झाली. आईचा एक भाऊ सत्तेवर असताना मारला गेला, त्याच्याबरोबर दुसराही मारला गेला. क्षमा हा शब्द वान थुआन यांना पुस्तकातून शिकायचा नव्हता, तो घरातच आला होता.

१९६७ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ते न्हा त्रांग धर्मप्रांताचे बिशप झाले. युद्ध पेटलेले होते. त्या आठ वर्षांत त्यांनी झपाटल्यासारखे काम केले. मोठ्या सेमिनरीतील ब्रदरांची संख्या ४२ वरून १४७ वर गेली. प्रापंचिकांना नेतृत्वासाठी तयार केले, तरुणांच्या संघटना उभारल्या, निर्वासितांसाठी मदतकार्य केले. देशात पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना दिसत होते, म्हणून धर्मगुरू नसतानाही चर्च उभे राहील अशी माणसे घडवण्याची त्यांना घाई होती.

२४ एप्रिल १९७५ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांची सायगॉनचे सहायक आर्चबिशप म्हणून, पुढे त्या गादीवर बसण्याच्या हक्कासह, नेमणूक केली. सहाच दिवसांनी, ३० एप्रिलला सायगॉन पडले. नव्या सरकारला ही नेमणूक म्हणजे व्हॅटिकन आणि परकीय सत्तांचा डाव वाटला. १५ ऑगस्ट १९७५, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या दुपारी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात बोलावून घेतले आणि तिथूनच अटक झाली. अंगावर झगा होता, खिशात रोझरी होती. बाकी सर्व मागे राहिले. वय होते ४७, म्हणजे आज आमचे आहे जवळपास तेवढेच.

त्यानंतर तेरा वर्षे. खटला नाही, शिक्षेचा हुकूम नाही, सुटकेची तारीख नाही. त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात.

कोठडीतला प्रश्न

त्यांच्या तुरुंगवासातला अत्यंत कठीण काळ न्हा त्रांगमधलाच होता. ज्या गावात त्यांनी आठ वर्षे मेंढपाळाचे काम केले, तिथल्याच फू खान्ह तुरुंगात त्यांना एकटे ठेवले. कोठडीला खिडकी नव्हती. कधी दिवसेंदिवस दिवा जळत ठेवलेला, कधी दिवसेंदिवस काळोख. उकाडा आणि दमटपणा इतका की अंथरायच्या चटईवर बुरशी उगवे. दाराखाली एक भोक होते. श्वास घेता यावा म्हणून ते जमिनीवर पडून त्या भोकाशी नाक लावत. पाऊस आला की त्याच भोकातून किडे, गांडुळे आत येत. त्यांना हाकलण्याचेही त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

पण त्यांनी पुढे अनेकदा सांगितले की शरीराच्या छळापेक्षा मनाचा छळ मोठा होता. रात्री झोप येत नसे. डोक्यात एकच विचार: ऐन उमेदीत, आठ वर्षांचा अनुभव गाठीशी असताना, मला कामातून उपटून इथे का टाकले? लोकांना माझी गरज असताना मी इथे निरुपयोगी पडलो आहे. ती सेमिनरी, ते तरुण, ती गावे, अर्धवट राहिलेल्या योजना, सगळे आता वाऱ्यावर.

अशाच एका रात्री त्यांना अंतःकरणातून एक उत्तर मिळाले. ते थोडक्यात असे: तू स्वतःला का छळतोस? देव वेगळा आणि देवाची कामे वेगळी, हे ओळख. तू जे केलेस आणि जे तुला पुढे करायचे आहे, धर्मग्रामांना भेटी, ब्रदरांचे शिक्षण, धर्मभगिनी, शाळा, मिशनकार्य, ही सर्व चांगली कामे आहेत, देवाचीच कामे आहेत. पण ती देव नव्हेत. देवाला वाटले की तू ती सोडावीस, तर लगेच सोड आणि त्याच्यावर विश्वास ठेव. तो ती तुझ्यापेक्षा कितीतरी चांगली करील, किंवा तुझ्याहून कुशल माणसांच्या हाती देईल. तू देवाला निवडले आहेस, त्याच्या कामांना नव्हे.

त्या क्षणापासून मनाला जी शांती मिळाली ती पुढच्या सर्व वर्षांत टिकली, असे ते सांगत.

बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकायला सोपे आहे. ‘देव वेगळा, देवाची कामे वेगळी.’ आम्ही ते तरुणपणी वाचले, अधोरेखित केले आणि प्रवचनातही वापरले. पण ते खरोखर काय म्हणते?

साधन आणि साध्य

संत ऑगस्टीनने फार पूर्वी एक भेद सांगितला आहे. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि काही गोष्टी त्यांच्यातच आनंद मानण्यासाठी असतात. नाव वापरायची, तीर गाठायचा. बंदर सोडून नावेच्याच प्रेमात पडलेला माणूस घरी कधी पोचत नाही. ऑगस्टीनच्या मते शेवटचा आनंद केवळ देवामध्ये आहे, बाकी सर्व त्या दिशेने जाण्याचा मार्ग आहे.

मार्ग वाईट असेल तर फसगत लवकर लक्षात येते. दारू, जुगार, पैसा यांना कुणी देव मानले तर शेजारीपाजारीही ओळखतात. अडचण तेव्हा होते जेव्हा मार्ग चांगला असतो. सेवा, प्रार्थनासभा, चर्चचे बांधकाम, गायनमंडळ ही देवाची कामे असल्यामुळे त्यांच्या आड देव कधी दिसेनासा झाला ते आपल्याला कळतच नाही. कारण तोंडी नाव त्याचेच असते.

एक घरगुती उदाहरण घ्या. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी पुरुष आखातात किंवा बोटीवर नोकरी करतात. बायकामुलांसाठी घाम गाळतात. घर बांधतात, मुलांना शिकवतात. हे प्रेमच आहे, यात शंका नाही. पण कधी असे होते की सुट्टीवर घरी आलेला बाप महिनाभर बांधकामाच्या सिमेंट-लाद्यांतच असतो आणि ज्या मुलासाठी घर चालले आहे तो मुलगा बाजूला उभा असतो. ‘तुझ्यासाठीच तर करतोय,’ असे बाप म्हणतो आणि ते खोटेही नसते. मात्र मुलाला घर नको असते, बाप हवा असतो. काम ज्याच्यासाठी सुरू झाले, कामानेच त्याची जागा घेतली. देवाच्या बाबतीत आपण पुष्कळदा त्या बापासारखे असतो. आम्ही धर्मगुरू तर विशेषच.

संत लूकच्या शुभवर्तमानातली मार्था आठवा. ती वाईट नव्हती. प्रभूसाठीच राबत होती. पण तिची चिडचिड पाहा. ती बहिणीची तक्रार प्रभूकडे करते, आणि तिच्या बोलण्यात प्रभूवरही थोडा राग आहे. ज्याच्यासाठी स्वयंपाक चालला आहे त्याच्यावरच राग आला, की समजावे, स्वयंपाक आता त्याच्यासाठी उरलेला नाही.

मग आपले काय झाले आहे हे ओळखायचे कसे? काम जोरात चालले असताना ओळखता येत नाही. ते काढून घेतले जाते तेव्हा कळते. ज्यांचे मन देवाशी आहे त्यांना काम गेल्याचे वाईट वाटेल, कारण प्रेमाने केलेल्या गोष्टीचा वियोग सहज नसतो. पण तेच काम दुसऱ्या कुणी चांगले केले तर त्यांना आनंद होईल. ज्यांचे मन कामाशी, आणि खरे सांगायचे तर कामातल्या ‘मी’शी जडले आहे, त्यांना काम बुडाले तर दुःख होते आणि दुसऱ्याने ते चांगले केले तर त्याहून जास्त दुःख होते. खिडकीशी बसून आम्हांला जे बोचले ते हेच होते. छपराचा प्रश्न सुटल्याने देवाचे काही नुकसान झाले नव्हते. झाले असेल तर आमचे.

तीन शंका

या विचारावर काही शंका येऊ शकतात आणि त्या टाळणे बरे नव्हे.

पहिली शंका. देव आणि काम असे वेगळे केले तर माणूस आळशी नाही का होणार? ‘देव बघून घेईल’ म्हणून हात जोडून बसायला हे निमित्तच मिळेल. याला उत्तर खुद्द वान थुआन यांचे जीवन देते, ते पुढे पाहू. इथे एवढेच म्हणू की काम टाकणे आणि कामावरची पकड सोडणे या दोन गोष्टी आहेत. शेतकरी पेरणी पूर्ण मन लावून करतो, तरी पाऊस आपल्या मालकीचा आहे असे समजत नाही. समजू लागला तर वेडा होईल.

दुसरी शंका अधिक खोल आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःच सांगतो की भुकेल्यांना, आजाऱ्यांना, तुरुंगातल्यांना जे केले ते मलाच केले. मग देव आणि देवाचे काम यांत अंतर कुठे राहिले? गरिबाची सेवा हीच देवाची भेट नाही का? होय, आहे. पण नीट वाचा. प्रभू भुकेल्या माणसाशी स्वतःला एकरूप करतो, अन्नदानाच्या योजनेशी नव्हे. अन्नदानाची योजना चालवताना भुकेला माणूस आपल्याला अडथळा वाटू शकतो, हे ज्यांनी कधी रांगा लावल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. माणूस हा कधीच केवळ साधन नव्हे, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी नीतिशास्त्रात बजावले. ख्रिस्ती माणूस आणखी पुढे जाऊन म्हणेल की समोरच्या माणसात देव आहे, म्हणून तो योजनेहून मोठा आहे. तेव्हा हा भेद देव आणि शेजारी यांच्यात नाही. एका बाजूला देव आणि शेजारी आहेत, दुसऱ्या बाजूला ‘माझे कार्य’ आहे.

तिसरी शंका आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा विचार दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी वापरला तर? एखाद्या बाईने वीस वर्षे प्रामाणिकपणे सेवा केली आणि तिला एक शब्द न विचारता बाजूला केले, आणि वर सांगितले की ‘बाई, काम देवाचे आहे, तुमचे नाही,’ तर तो अन्याय आहे, आणि त्याला अध्यात्माचा मुलामा देणे हा दुसरा अन्याय आहे. वान थुआन यांना तो आवाज स्वतःच्या अंतःकरणात ऐकू आला. तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना हे ऐकवले असते तर त्यात काही पवित्र नसते. हा भेद प्रत्येकाने स्वतःपुरता करायचा असतो. दुसऱ्याला करायला लावायचा नसतो. अधिकाराच्या जागी असलेल्यांनी, आमच्यासकट, हे विसरू नये.

आणि शांती मिळाली म्हणजे अन्याय मान्य केला असेही नाही. तेरा वर्षांनंतर गृहमंत्र्यांनी त्यांना भेटीला बोलावून काय हवे आहे असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘देवाची इच्छा’ असे काही गुळमुळीत उत्तर दिले नाही. आज, आत्ताच सुटका हवी, असे ते म्हणाले. मंत्री चकित झाले तेव्हा त्यांनी हसून कारण सांगितले: मी तुरुंगात पुरेसा राहिलो आहे. तीन पोप होऊन गेले, पॉल सहावे, जॉन पॉल पहिले आणि जॉन पॉल दुसरे. रशियात चार सरचिटणीस झाले, ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को आणि गोर्बाचेव्ह! मंत्र्यांनाही हसू आले. ज्याने मनातली पकड सोडली तो हक्क मागताना कडवट होत नाही, एवढाच फरक.

तीन थेंब द्राक्षरस

आता पहिल्या शंकेकडे परत जाऊ. ‘देवाची कामे’ सोडून दिल्यावर वान थुआन यांनी काय केले?

अटकेनंतर लवकरच त्यांना गरजेच्या वस्तू मागवण्यासाठी पत्र लिहायची परवानगी मिळाली होती. पोटदुखीच्या औषधासाठी थोडा द्राक्षरस पाठवा, असे त्यांनी लिहिले. लोकांना अर्थ कळला. पोटदुखीचे औषध अशी चिठ्ठी लावलेली बाटली आली, आणि दमट हवेपासून जपण्यासाठी टॉर्चमध्ये लपवलेली मिस्साची भाकर. त्यानंतर रोज तीन थेंब द्राक्षरस आणि एक थेंब पाणी तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. तळहात हीच वेदी, हाच कॅलिस. न्हा त्रांगच्या कॅथेड्रलमध्ये हजारोंच्या साक्षीने त्यांनी मिस्सा केल्या होत्या. पण आपल्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर मिस्सा या होत्या, असे ते सांगत.

ऑक्टोबर १९७५ मध्ये ते नजरकैदेत होते. पहाटे मिस्साहून परतणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाला त्यांनी हळूच हाक मारली आणि आईकडून जुन्या कॅलेंडरची पाने आणायला सांगितले. त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर ते रोज रात्री आपल्या लोकांसाठी चिंतने लिहीत. सकाळी मुलगा पाने घेऊन जाई, घरी त्याची भावंडे नकलून काढीत. त्यातून ‘आशेचा मार्ग’ हे पुस्तक झाले, त्यात १००१ चिंतने आहेत. सेमिनरी गेली होती, कार्यालय गेले होते. उरला होता एक मुलगा आणि रद्दी कागद. तेवढे पुरले.

१ डिसेंबर १९७६ रोजी सुमारे पंधराशे कैद्यांबरोबर त्यांना साखळदंडाने बांधून जहाजाच्या तळघरात घातले आणि उत्तरेकडे नेले. सोबतच्या कैद्यांचे हताश चेहरे पाहून त्यांना वाटले, हाच आता माझा धर्मप्रांत. विन्ह फूच्या छावणीत पन्नास-पन्नास जणांच्या गटाला एकच लांबलचक फळी झोपायला असे, दर माणशी पन्नास सेंटिमीटर जागा. इतर कॅथलिक कैद्यांनी युक्तीने त्यांच्या शेजारच्या जागा मिळवल्या. रात्री साडेनऊला दिवे मालवल्यावर ते वाकून पाठ असलेली मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून हातोहात ख्रिस्तप्रसाद देत. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदांची पुडकी करून त्यात पवित्र साक्रामेंत जपून ठेवीत. बौद्ध आणि इतर कैदीही त्यातल्या शांतीकडे ओढले गेले.

पहारेकऱ्यांची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. सुरुवातीला ते त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. वान थुआन यांनी त्यांच्यावर प्रेम करायचे ठरवले. त्यांना देण्याजोगे काही जवळ नव्हते, म्हणून ते त्यांना आपण पाहिलेल्या देशांच्या गोष्टी सांगू लागले, भाषा शिकवू लागले. त्यांच्या संगतीने पहारेकरी ‘बिघडतात’ म्हणून वरिष्ठ दर दोन आठवड्यांनी पहारा बदलत. पुढे त्यांनी बदलणेच थांबवले, कारण अशाने सगळेच बिघडतील! एका पहारेकऱ्याला लॅटिन गीत शिकायचे होते, त्याने ‘वेनी क्रेआतोर’ हे पवित्र आत्म्याला आळवणारे गीत निवडले. मग रोज सकाळी सातला कम्युनिस्टांच्या तुरुंगात एक पहारेकरी व्यायामाला जाता-जाता ते गीत गाऊ लागला. दुसऱ्यांनी लाकडाचा क्रूस कोरायला परवानगी दिली, तो साबणाच्या वडीत लपवला गेला. हनोईत विजेच्या तारेची साखळी करायला एका पहारेकऱ्याने हत्यारे आणून दिली आणि स्वतः मदत केली. बिशप, आर्चबिशप, कार्डिनल म्हणून त्यांच्या गळ्यात शेवटपर्यंत तोच क्रूस आणि तीच साखळी होती. ती त्यांना शत्रूची नव्हे तर मित्राची भेट वाटे.

पाहा, त्यांनी कामे सोडली आणि कामे परत आली. ती मोठी नव्हती, मोजता येण्याजोगी नव्हती, आणि ‘माझी’ म्हणण्यासारखी तर मुळीच नव्हती. ज्यांनी आपली योजना पार पडावी म्हणून देव निवडला असता ते त्या कोठडीत संपले असते. ज्यांनी देवाला निवडले त्यांना प्रत्येक ठिकाणी काही ना काही करण्यासारखे सापडले.

गादी न मिळालेला आर्चबिशप

२१ नोव्हेंबर १९८८, पवित्र मरियेच्या समर्पणाचा सण. त्या दिवशी त्यांची सुटका झाली. अटकही मातेच्या सणाला, सुटकाही मातेच्या सणाला. त्याच वर्षी जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हिएतनामच्या ११७ रक्तसाक्षींना संतपद दिले होते. पण सायगॉनची गादी वान थुआन यांना कधीच मिळाली नाही. १९९१ साली ते रोमला गेले आणि मायदेशी परतण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. म्हणजे दुसऱ्यांदा कामे काढून घेतली गेली.

१९९४ साली त्यांना न्याय व शांती परिषदेचे उपाध्यक्ष आणि १९९८ साली अध्यक्ष नेमण्यात आले. चर्चची सामाजिक शिकवण एका ग्रंथात संकलित करण्याचे काम त्यांच्या काळात हाती घेतले गेले. तो ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते हयात नव्हते. २००० सालच्या प्रायश्चित्त काळात खुद्द पोप आणि व्हॅटिकनचे अधिकारी यांच्या तपसाधनेसाठी त्यांना बोलावण्यात आले. एकेकाळचा निनावी कैदी तिथे आशेविषयी बोलला. २१ फेब्रुवारी २००१ रोजी ते कार्डिनल झाले. त्याच दिवशी आपल्या मुंबईचे आर्चबिशप आयव्हन डायस आणि ब्युनॉस आयरिसचे आर्चबिशप बेर्गोलिओ यांनाही कार्डिनलची लाल टोपी मिळाली. तेच बेर्गोलिओ २०१३ साली पोप फ्रान्सिस झाले आणि ४ मे २०१७ रोजी त्यांनीच वान थुआन यांना ‘पूजनीय’ घोषित करण्यास मान्यता दिली. मध्यंतरी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आशेवरील आपल्या परिपत्रकात त्यांचा आदराने उल्लेख केला होता.

कार्डिनलपद त्यांना जेमतेम दीड वर्ष लाभले. १६ सप्टेंबर २००२ रोजी रोममध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारपणात तिसऱ्यांदा सगळे हातातून सुटले. पण सोडायची सवय त्यांना न्हा त्रांगमध्येच लागली होती.

आपल्यासाठी

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कुणाला अंधारकोठडी नशिबी येणार नाही अशी आशा करू या. पण हातातून काम जाणे सर्वांच्या नशिबी आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना पहिल्या जूनमध्ये घंटा ऐकू येते आणि जायला वर्ग नसतो. चाळीस वर्षे गायनमंडळात गायलेल्याचा आवाज जातो. कौन्सिलची मुदत संपते आणि नव्या मंडळींना जुन्यांचा सल्ला नको असतो. ज्या आईने चार मुले वाढवली तिच्या स्वयंपाकघरात आता दोन ताटे वाढली जातात. अर्धांगवायूने खाटेवर पडलेला माणूस आम्हांला पहिल्या शुक्रवारी विचारतो, ‘फादर, आता माझा काय उपयोग?’

आजवर या प्रश्नाला आम्ही चटकन उत्तर देत असू, ‘तुम्ही प्रार्थना करा, ते मोठे काम आहे.’ उत्तर चुकीचे नाही. पण त्यातही आम्ही त्या माणसाला घाईघाईने दुसरे एखादे काम देऊन मोकळे होत होतो, जणू कामावाचून माणसाला किंमतच नाही. खिडकीशी सहा आठवडे बसल्यावर आता वाटते, आधी एवढेच सांगावे: देवाने तुमच्यावर प्रेम केले ते तुमच्या उपयोगासाठी नव्हे. तुम्ही काही करीत नव्हता, आईच्या कुशीत होता, तेव्हाही ते प्रेम होते. काही करू शकणार नाही तेव्हाही ते राहील. मग त्या प्रेमातून काही सुचले, एखादा फोन, एखादे स्मित, एखादी रोझरी, तर ते तीन थेंब द्राक्षरसासारखे आहे. देवाला तेवढे पुरते.

आणि ज्यांच्या हाती आज कामे आहेत त्यांच्यासाठी या आठवड्यात एक छोटा अभ्यास सुचवतो. जे काम तुम्हांला अतिशय प्रिय आहे, ज्यात तुमच्यासारखे कुणी करू शकत नाही असे तुम्हांला वाटते, ते एकदा दुसऱ्याला करू द्या. बाजूला बसा. सूचना करू नका. मनात काय उठते ते पाहा आणि जे उठेल ते लपवू नका, प्रभूपुढे ठेवा. आम्हीही करणार आहोत. येत्या रविवारी सणाच्या तयारीची सभा सहायक धर्मगुरू घेतील. आम्ही मागच्या बाकावर बसू. काठी घेऊन येऊ, पण ती टेकण्यासाठीच!

वान थुआन यांनी देवाला निवडले आणि देवाने त्यांना सोडले नाही. प्रभू येशू आपल्याला कामात आणि कामाविना, दोन्हीकडे स्वतःपाशी ठेवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू